बरणी धुवायची आहे

१७ जून १९५६, रविवार

आजपासून रोजनिशी. हेतू एकच: घर सिस्टिमने चालवणं. मनातलं वगैरे लिहिण्यासाठी ही वही नाही.

रत्नप्रभेला जाऊन चार आठवडे झाले. सगळे विधी नीट पार पडले. गावाकडची माणसं परत गेली. आता घरात मी आणि उत्तरा. अंधेरीची ही जागा दोघांना मोठी वाटते, पण ती हवेशीर आहे.

आज मार्तंड आणि जयंती घाटकोपरहून आले होते. मार्तंड म्हणजे रत्नप्रभेचा धाकटा भाऊ. चहा घेऊन झाल्यावर म्हणाला, भावोजी, उत्तराला आमच्याकडे पाठवा. पोरगी यंदा मॅट्रिकला, आणि सकाळ-संध्याकाळ शेगडीपाशी. जयंती म्हणाली, आमच्याकडे तिला पाण्याचा पेला उचलावा लागणार नाही.

मी म्हणालो, विचार करतो. मार्तंड म्हणाला, करा, श्रावण लागेपर्यंत करा.

विचार झाला. उत्तरा कुठेही जाणार नाही. घर चालत नाही असं त्यांना वाटतं, तर ते चालतं हे दाखवायचं. रत्नप्रभा दर रविवारी दुपारी सगळ्यांना जेवायला बोलवायची. नंदकिशोर आणि सूनबाई शुभा बोरिवलीहून, मार्तंड-जयंती घाटकोपरहून. हे रविवार पुन्हा सुरू करायचे. तिने हे बावीस वर्षं कुठलाही प्लॅन नसताना केलं. मी ऑफिसात स्टोअर्स सांभाळतो. मला कठीण जाऊ नये.

१८ जून, सोमवार

श्रावणापर्यंतच्या सर्व रविवारांचं टाइमटेबल केलं. पहिला रविवार सुरमई, दुसरा पापलेट, तिसरा पुन्हा सुरमई. लाल शाईने रेघा मारल्या. उत्तराला दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, छान आहे अण्णा.

तिला आता काहीच काम राहिलेलं नाही. ठरवणं, आणणं माझ्याकडे. तिने फक्त करायचं.

१९ जून, मंगळवार

बाजारात कोळिणीला पुढच्या सात रविवारांची ऑर्डर देऊ लागलो. ती इतकी हसली की शेजारच्या दोघी उठून बघायला आल्या. म्हणाली, सायेब, होड्या वर काढून झाकून ठेवल्या, आता सुरमय नारळी पुनवेनंतर, तोवर दर्यात तुम्हीच जावा. वेसाव्याची माणसं फटकळ असतात.

टाइमटेबल रद्द. पावसाळ्यात मासेमारी बंद असते ही गोष्ट मला अर्थातच माहीत होती. दरवर्षी या दिवसांत आपल्याकडे मासे नसत, ते रत्नप्रभेच्या काटकसरीमुळे असा माझा समज होता.

२३ जून, शनिवार

स्वयंपाकघराचं स्टॉक-टेकिंग. फार आवश्यक होतं. फडताळात कशावरही लेबल नाही. डाळीच्या डब्यात डाळ आहे हे डबा उघडल्याशिवाय कळत नाही.

सर्वांत मोठी अव्यवस्था मसाल्याची. रत्नप्रभेने एप्रिलमध्ये वर्षाचा मसाला कुटून घेतला होता, नेहमीप्रमाणे. मिरच्या माळ्यावर वाळत होत्या तेव्हा मला आठवडाभर शिंका येत होत्या. तो सगळा चिनी मातीच्या एका मोठ्या बरणीत दाबून भरलेला, तोंडाला फडकं बांधलेलं. बरणीतला माल मोजता येत नाही. शिवाय एकाच ठिकाणी सगळा स्टॉक ठेवणं धोक्याचं. बिस्किटांचे पत्र्याचे तीन डबे ऑफिसातून आणले होते, त्यांत मसाला काढला आणि क्रमांक घातले.

काढताना मसाल्यात खडे सापडले. पिवळट, बोराएवढे, पाच-सहा. अलीकडे तिची नजर कमी झाली असावी. मला बोलली नाही. एवढे मोठे खडे कुणाच्या दाताखाली आले असते तर! सगळे वेचून खिडकीबाहेर टाकले. हाताला उग्र वास राहिला, दोनदा साबण लावूनही जाईना.

बरणीच्या बुडाशी थोडा मसाला आणि एक खडा घट्ट बसला आहे. चमच्याला येत नाही. असू दे. फडकं पुन्हा बांधून ठेवलं.

बरणी उद्या धुवायची.

२४ जून, रविवार

पूर्ण यश.

कोंबडीचा रस्सा, वडे, कांदा. सहाही जण हजर. कोंबडी मी स्वतः निवडली होती. ती थोडी वयस्कर निघाली, त्यामुळे उत्तराला पहाटे उठून शिजत ठेवावी लागली, पण रस्सा उत्तम झाला. पहिला घास घेतल्यावर कुणी काही बोलेना. मला वाटलं, काही चुकलं. मग नंदकिशोरने वाटी उचलून तोंडाला लावली आणि मान खाली घालून सगळा रस्सा प्यायला. मार्तंडने तीनदा मागितला. म्हणाला, ताईच्याच हातचा.

हे बोलणं बरोबर नाही. ताईकडे टाइमटेबल कुठे होतं? नियोजनाचा परिणाम चवीवर होतो हे आज सिद्ध झालं.

जाताना जयंती मोरीपाशी उत्तराशी काही हळू बोलत होती. रेसिपी विचारत असावी.

बरणी राहिली. उद्या.

२७ जून, बुधवार

उत्तरा वर्गात झोपली. तिने स्वतःच सांगितलं. बाईंनी उठवलं तर सगळ्या मुली हसल्या म्हणे.

कारण शोधलं. अभ्यासाच्या जागी दिवा मंद आहे. मोठा बल्ब आणून लावला. ही अडचण सुटली.

१ जुलै, रविवार

भाजी किरकोळ घेणं म्हणजे वेळेचा अपव्यय. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की मरोळच्या वाड्यांत ताजी भाजी घाऊक मिळते. शनिवारी ऑफिस सुटल्यावर तिकडे गेलो. एक टोपलीभर पडवळ घेतलं. आठवड्याचा प्रश्न मिटला.

आजच्या जेवणात पडवळाची डाळ घालून भाजी, पडवळाची भजी, पडवळाची कोशिंबीर. रस्सा नव्हता. सगळे हजर होते. शुभा म्हणाली, मामंजी, पडवळाचा पायस नाही का केला? तिला गोडाची आवड दिसते. लक्षात ठेवायचं.

मार्तंडने रस्सा आहे का म्हणून विचारलं. पुढच्या वेळी रस्सा.

५ जुलै, गुरुवार

पडवळ अजून आहे. उत्तरा म्हणाली, अण्णा, शेजारच्या माणिकबाईंना देऊ का थोडं? मी म्हणालो, स्टॉक बाहेर द्यायचा नाही. संध्याकाळी पाहतो तर टोपली निम्मी. माणिकबाई जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, भाऊ, पुरे हो आता.

बरणी धुवायला घेतली होती. आधी तिला धुण्याची गरज आहे का, हे तपासण्यासाठी फडकं सोडून आत पाहिलं. वास घेतला. मसाल्याचाच वास आहे. बराच वेळ तपासणी केली. उत्तरा आली तेव्हा बांधून ठेवली. पाणी गेलं होतं, तेव्हा धुणं आज शक्य नव्हतंच.

८ जुलै, रविवार

मार्तंड-जयंती आले नाहीत. काल निरोप आला की उद्या अमावास्या आहे, आम्ही कोंबडी खात नाही, अमावास्येला ताईने कधी बोलावलं होतं का?

रत्नप्रभा पंचांग बघायची, पण ते बघताना सांगायची नाही. कोंबडी आणून ठेवली होती. चौघं जेवलो. लहान पंगतीत बोलणं जास्त मोकळेपणाने होतं असा माझा अनुभव आहे. आज मात्र कुणी बोललं नाही. नंदकिशोर जेवून पानावरच बसून राहिला. मग म्हणाला, आई इथे बसायची. मी त्याला सांगितलं की तिथे आता तांदळाचं पिंप ठेवणार आहे, जागा सोयीची आहे.

तो शुभाला म्हणाला, चल, गाडी चुकेल. गाड्या भरपूर असतात.

१२ जुलै, गुरुवार

उत्तरा चाचणी परीक्षेत गणितात नापास. गेल्या वर्षी ती वर्गात पहिली होती.

मी रागावलो नाही. तिला समजावलं की चूक कुठे झाली ते शोधायला हवं. एक उदाहरण घातलं: सहा माणसांना चार शेर तांदूळ किती दिवस पुरतील, जर त्यांतली दोन माणसं अमावास्येला येत नसतील? ती म्हणाली, अण्णा, मी भाकऱ्या टाकून येऊ का, मग सांगते. भाकऱ्या टाकता टाकता तिने उत्तर बरोबर सांगितलं. मग नापास कशी होते? शाळेतच काहीतरी दोष आहे.

१५ जुलै, रविवार

कठीण दिवस. सविस्तर लिहिणं भाग आहे.

नंदकिशोर आणि शुभा आले नाहीत. तिच्या माहेरी जायचं होतं म्हणे. मार्तंड-जयंती आले. जेवण होऊन उत्तरा भांडी घासायला गेली. मार्तंड तिच्या पाठीमागे मोरीत गेला आणि दारातच थांबला. ती बसल्या जागी, राखेच्या हातांनी, भिंतीला डोकं टेकून झोपली होती.

मार्तंड बाहेर आला तो लाल होऊन. रागावला की त्याची मालवणी बाहेर येते. म्हणाला, भावोजी, चेडवाचा वरीस वाया जातला! तुमका दिसता काय नाय? मी म्हणालो, हळू बोल, तिला झोप लागली आहे. जयंती म्हणाली, हेच तर म्हणतायत ते.

मी सांगितलं, दर रविवारच्या जेवणाने घर एकत्र राहतं. मार्तंड म्हणाला, घर एकत्र ठेवायला एक पोर मोरीत झोपवायला लागते होय?

मग मी शब्द दिला. श्रावणाआधीचा शेवटचा रविवार, ५ ऑगस्ट. सगळ्यांनी यायचं. त्या दिवशीचा स्वयंपाक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मी करणार. आजपासूनच उत्तरा स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. जमलं तर ती इथेच राहील आणि हा विषय पुन्हा निघणार नाही.

मार्तंड म्हणाला, आणि नाय जमला तर?

मी म्हणालो, तर घेऊन जा.

त्याने हात पुढे केला. मी हात मिळवला. आत भांड्यांचा आवाज सुरू झाला होता. ती केव्हा जागी झाली होती कोण जाणे.

१६ जुलै, सोमवार

तीन आठवडे आहेत. भरपूर झाले. उत्तराला सांगितलं की आता तू फक्त अभ्यास कर. ती स्वयंपाकघराच्या दारात पुस्तक घेऊन बसते आणि पानाकडे न बघता शेगडीकडे बघते. मी म्हणालो, आत येऊ नको. ती म्हणाली, मी बाहेरच आहे अण्णा, फक्त भात खाली लागतोय.

भात खाली लागला. खालचा भाग कुरकुरीत असतो, काही लोकांना आवडतो.

१९ जुलै, गुरुवार

आज रजा घेऊन सराव. नारळ खवताना बोट कापलं. खवणी जुनी आहे, माणसाकडे बघून बनवलेली नाही. उत्तराने पट्टी बांधली. म्हणाली, आई नारळ गोल फिरवायची. मी म्हणालो, प्रत्येकाची पद्धत असते.

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं, ते सगळ्यांनाच येतं. आज फक्त जरा जास्त वेळ आलं. कांदा चिरून झाल्यावरही. नाशिकचा कांदा असावा.

२२ जुलै, रविवार

आज मुद्दाम कुणाला बोलावलं नाही. रंगीत तालीम. रस्सा केला. मसाल्याच्या डब्यात चमचा घातला तो रश्शातलाच होता, पण चमचा एकच वापरला की घासायची भांडी कमी होतात. उत्तरा दारातून म्हणाली, अण्णा, ओला चमचा! मी म्हणालो, तू भूमितीत लक्ष घाल.

रस्सा पातळ झाला, पण वास बरोबर होता. पहिला घास घेतला आणि मी थांबलो. उत्तराही थांबली. नंतर दोघंही जेवलो. बरं झालं.

आत्मविश्वास वाढला आहे.

काडेपेट्या सादळल्या. मीठ पाणी सुटून वाहतंय. मसाल्याचे डबे मात्र पत्र्याचे, लेबल लावलेले, भिंतीलगत ओळीने उभे आहेत. बघून समाधान वाटतं.

२६ जुलै, गुरुवार

बरणी धुवायला काढली. आत पाहिलं. बांधून ठेवली. सध्या ५ तारखेपुढे दुसरं काही सुचत नाही, तेव्हा धुणं नंतर. बरणीचं काही अडत नाही.

२९ जुलै, रविवार

५ तारखेचा मेनू निश्चित: कोळंबीचं कालवण, सुक्या बांगड्याची चटणी, भात, भाकरी, सोलकढी. ऑफिसातला काशीराम मनोरीचा. त्याने घरचे सुके बांगडे आणून दिले. कोळंबी खाडीची मिळते, त्यासाठी दर्यात जावं लागत नाही, हे त्या कोळिणीला मुद्दाम सांगितलं. ती म्हणाली, सायेब शिकले!

उत्तराने आपली पुस्तकं फळीवर नीट लावली. इथेच राहण्याची तयारी दिसते.

२ ऑगस्ट, गुरुवार, सकाळ

एक अडचण.

डबा नंबर एक उघडला. मसाल्यावर जाळी. पांढरी, कोळ्याच्या जाळ्यासारखी. चमच्याने ढवळलं तर खाली गुठळ्या, आणि आत काहीतरी हलत होतं.

डबा नंबर दोन उघडला. तेच.

तीन नंबरचा उघडला नाही. चहा घेतला. मग उघडला.

२ ऑगस्ट, संध्याकाळ

तात्पुरता धक्का. माल अंशतः खराब. चाळणीने चाळून तव्यावर भाजून पाहिला. धुराने घर भरलं. उत्तरा खोकत आली. काय जळतंय अण्णा? मी म्हणालो, पापड. ती तव्याकडे बघत होती, मी तव्यासमोर उभा राहिलो.

भाजलेल्याचा वास पूर्वीसारखा नाही. फेकावा लागला. तिन्ही डबे धुऊन ठेवले. वाण्याने पत्र्यात काही भेसळ केली असणार. पण डबे वाण्याचे नाहीत, ऑफिसचे आहेत. तर ऑफिसने.

उत्तराला सांगितलेलं नाही. परीक्षेच्या वर्षात मुलांना किरकोळ गोष्टी सांगू नयेत.

३ ऑगस्ट, शुक्रवार

कोपऱ्यावरच्या वाण्याकडून लाल मसाला आणला. तो म्हणाला, एकदम झकास, सब लोग यही ले जाता है. तिन्ही डब्यांत भरला. लेबलं तीच आहेत. स्टॉकच्या दृष्टीने पाहिलं तर डबे भरलेले आहेत.

मसाला म्हणजे शेवटी मिरची आणि धणे. चव हाताला असते. हात माझा आहे.

४ ऑगस्ट, शनिवार

सर्व तयारी पूर्ण. उद्या सहाजण. रात्री झोप नीट लागावी म्हणून काळजी करायची नाही असं ठरवलं आहे. आतापर्यंत तीनदा ठरवलं.

५ ऑगस्ट, रविवार, संध्याकाळ

सगळे आले. सहाही. हे यश आहे आणि ते प्रथम नोंदवतो.

उत्तराला मी पाटावर पाहुण्यासारखं बसवलं. सगळं मी वाढलं. कोळंबी साफ झाली होती, भात लागला नव्हता, भाकऱ्या तीन तरी गोल होत्या. मार्तंडने पानाकडे बघून मान हलवली. म्हणाला, भावोजी, दिसतंय तर बरं.

मग सगळ्यांनी घास घेतला.

नंदकिशोरचा हात पानावर थांबला. तो पाणी प्यायला. पुन्हा एक घास घेतला, जणू पहिला चुकून दुसऱ्या पानातला घेतला होता. शुभा म्हणाली, भात मोकळा झालाय मामंजी. मार्तंड कालवणात भाकरी बुडवून तशीच धरून बसला. कुणी वाईट म्हणालं नाही. कुणी मागितलंही नाही. कालवण वाईट नव्हतं. कुठल्याही खाणावळीत चाललं असतं.

उत्तराने एकच घास खाल्ला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सोलकढी वाढायला उठलो.

जयंती म्हणाली, मसाला कुठला घातलात? मी म्हणालो, घरचा. ती हात धुऊन सरळ आत गेली आणि डबा नंबर एक घेऊन आली. नाकाशी नेला. म्हणाली, हा वन्सांचा नाही. वन्सांचा बरणीत असायचा.

तेव्हा सांगावं लागलं. डबे, लेबलं, जाळी. मी म्हणालो, मी सर्व काळजी घेतली होती. मसाला निवडून काढला होता, त्यात खडे होते, तेसुद्धा एक सोडून सगळे वेचून फेकले.

जयंतीने विचारलं, कसले खडे?

पिवळट, म्हणालो. बोराएवढे. उग्र वासाचे.

 मग जयंती फार हळू म्हणाली, भावोजी, ते हिंगाचे खडे. मसाल्याला जाळी धरू नये, कीड लागू नये म्हणून घालून ठेवतात. आमच्याकडे सगळ्याच घरांत.

पहिला मार्तंड हसला. तोंडात भाकरी होती, ठसका लागला. मग नंदकिशोर हसला, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ते पाणी थांबेना आणि हसणं थांबलं. शुभाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मीही हसलो. प्रसंग मोकळा होणं आवश्यक होतं.

उत्तरा हसली नाही. तिने विचारलं, म्हणजे आईचा मसाला संपला?

मी म्हणालो, तो स्टॉक संपला.

रत्नप्रभेने त्या खड्यांबद्दल एक चिठ्ठी जरी लावली असती तर हा प्रकार झाला नसता.

मार्तंडने शब्दाची आठवण काढली नाही. तो चांगला माणूस आहे, हे मला आज विशेष आवडलं नाही.  उत्तराच म्हणाली, मामा, मी येते तुमच्याकडे. शनिवारी शाळा सुटल्यावर न्यायला या. माझ्याकडे न बघता म्हणाली. मग बघितलं आणि म्हणाली, अण्णा, मला पास व्हायचंय.

जयंतीने बाजारचा मसाला डब्यांसकट पिशवीत घातला. म्हणाली, हा घरात नकोच, भांडीवालीला देऊन टाकते.

७ ऑगस्ट, मंगळवार

श्रावण लागला.

उत्तरा जाणार नाही असं मला वाटतं. रविवारी ती भरात बोलून गेली. काल ट्रंक काढली, ती झटकण्यासाठी असावी. आज कपडे घड्या घालून ट्रंकेत ठेवले. कपाटात दमट होतंच.

९ ऑगस्ट, गुरुवार

तिला थांबवण्यासाठी काय बोलायचं याचे मुद्दे काढले. एक: अंधेरीची शाळा जवळ. दोन: घाटकोपरला डास फार. तीन हा मुद्दा लिहिला आणि खोडला. दोन मुद्दे पुरेत.

पहिला मुद्दा मांडला. ती म्हणाली, शाळा तीच राहणार आहे अण्णा, मामा म्हणतायत सकाळी बसने सोडू. दुसरा मुद्दा मांडला नाही.

बरणी धुवायची राहिली आहे. आता रिकामा वेळ भरपूर मिळणार, तेव्हा धुवू.

११ ऑगस्ट, शनिवार

ऑफिस दुपारी सुटलं. घरी आलो तर जिन्यातच वास आला. माणिकबाई दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, आज काय हो भाऊ, वैनींची आठवण झाली.

उत्तरा शेगडीपाशी. मी म्हणालो, तुला बंदी आहे. म्हणाली, आज शेवटचा दिवस अण्णा. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. श्रावणात चालतं.

दोघंच जेवलो. फार दिवसांनी पोटभर. मी तीनदा सांबारं घेतलं. ती वाढत होती. तिने स्वतः जेमतेम घेतलं, तिला भूक नसावी, पण वाटीला लागलेलं बोटाने पुसून खाल्लं, लहानपणी खायची तसं.

मी तिला समजावून सांगितलं की पाहा, रविवारी सगळ्यांनी उगीच बाऊ केला. हा बाजारचाच मसाला ना, जयंतीने नेला त्यातला थोडा मागे ठेवलेला? आठवडाभर मुरला आणि तस्साच लागतो. घरी कुटण्याच्या खटाटोपाला अर्थ नाही. मनाचे खेळ असतात. पुढच्या वर्षी आपण सरळ बाजारचाच आणायचा. ती ऐकत होती. म्हणाली, हो अण्णा. अजून देऊ? पातेलं कलतं करून शेवटचं सगळं माझ्या पानात ओतलं.

संध्याकाळी मार्तंड आला. ट्रंक त्याने उचलली. जड नाही म्हणाला. उत्तरा वाकून पाया पडली. मी म्हणालो, गणिताकडे लक्ष दे. दिवा बदलायला सांग, मंद असेल तर.

१२ ऑगस्ट, रविवार

घाटकोपरला जेवायला. आता दर रविवारी सगळ्यांनी तिकडेच जमायचं असं ठरलं आहे. म्हणजे माझी रविवारची योजना चालूच राहिली, फक्त जागा बदलली. येताना काय आणू असं काल मार्तंडला विचारलं होतं, तर तो म्हणाला, जयंतीने हिंग सांगितलाय.  नेला. पुडी पुढे केली तेव्हा सगळे पुन्हा हसले. नवीन टाइमटेबल करून नेलं होतं, तेही दिलं. तिने त्यावर गरम पातेलं ठेवलं.

उत्तरा पुस्तक घेऊन खिडकीत बसली होती. आतून हाक आली तरी कुणी तिला उठवत नव्हतं.

जेवताना मी कालच्या सांबाऱ्याची हकीगत सांगितली. बाजारचा मसाला मुरला की कसा लागतो ते. जयंती म्हणाली, कुठला बाजारचा? तो तर मी गेल्या रविवारीच डब्यांसकट सगळा घेऊन आले. रिकामे डबे हे काय, फळीवर.

डबे फळीवर होते. एक, दोन, तीन. माझ्याच अक्षरात.

उत्तराने पुस्तकातून मान वर केली नाही. पण पानही उलटलं नाही. मी म्हणालो, मग दुसरीकडून आणला असेल.  नंदकिशोरने मला भात वाढला.

घरी आलो. उत्तरा गेल्यापासून स्वयंपाकघरात गेलो नव्हतो, आज गेलो. दिवा लावला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बरणी पालथी घातलेली. शेजारी फडकं धुऊन, घडी करून. एका वाटीत हिंगाचा एक खडा.

बरणी सुलटी केली. आतून पांढरी स्वच्छ. बुडाशी काही नाही. तिने खरवडून खरवडून काढला असणार, शेवटच्या कणापर्यंत, चमच्याला येत नव्हता तो. एका जेवणापुरता निघाला. त्यातलं बहुतेक मी खाल्लं, आणि खाताना बोलत होतो.

बरणीत तोंड घालून वास घेतला. राखेचा आला. पुन्हा घेतला.

बरणी धुवायची होती. धुतली गेली.